सोपं पुस्तक कोणतं?

मूल अक्षरं लावून वाचू लागलं की आपण दुकानात 'सोपं' पुस्तक मागतो. मिळतं ते मोठ्या टायपातलं, जोडाक्षरं नसलेलं. या सोपेपणाबद्दलच माझी तक्रार आहे. जोडाक्षरं गाळली की 'आम्ही', 'तुम्ही', 'माझ्या', 'म्हणाली' हे रोजचे शब्दही गेले. मग उरतं 'कमल, नमन कर' असलं काहीतरी. आपल्या घरात असं कोण बोलतं?

इंदूरला, आमच्या राजेंद्र नगरात, आणखी एक गोम आहे. इथली मराठी मुलं शाळेत देवनागरी शिकतात ती हिंदीसाठी. लिपी तीच, तेव्हा मराठी वाचन आपोआप येईल असं आपण धरून चालतो. पण मुलं 'चमचा' हा शब्द हिंदी च लावून वाचतात, 'शाळा' वाचताना ळपाशी अडतात, 'झालं'वरचं टिंब नाकात म्हणतात. बोलताना मात्र हेच शब्द बिनचूक! म्हणजे कानाला जे ठाऊक आहे, ते डोळ्यांपर्यंत पोचलेलं नाही. इथे दुर्लक्ष केलं, तर आजीशी मराठी बोलणारी नात मराठी पुस्तक उघडणारच नाही.

म्हणून मला माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' मोलाचं वाटतं. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या या पुस्तकांतून राधाच्या घरची माणसं भेटतात, आणि भाषा घरात बोलतो तशीच. जोडाक्षरं येतात, पण ओळखीच्या शब्दांचा हात धरून. आपल्या हिंदीमिश्रित घरांत एखादा शब्द अडेल. तेव्हा आधी आपण वाचून दाखवावं, मग पुस्तक मुलाच्या हाती द्यावं.

पाठशाळेच्या पुस्तिकांनाही हीच कसोटी लावायला हवी. णमोकार मंत्र प्राकृतात आहे, त्यात जोडाक्षरं आहेत. तरी तो कानात बसलेला असल्यामुळे मूल ओळीवरून बोट फिरवत शब्द ओळखू लागतं. पहिल्याच पानावर 'सम्यग्दर्शन'ची व्याख्या दिली, तर ते पाठ करतं, वाचत नाही. त्याआधी पाणी गाळून का प्यायचं, मुंगीला वाट का द्यायची, हे चार साध्या वाक्यांत द्या. ते त्यानं घरात पाहिलेलं असतं.

तेव्हा बायांनो, पुस्तक घेण्याआधी एक पान मोठ्यानं वाचा. आपण मुलाशी असं बोलतो का, एवढंच स्वतःला विचारा. उत्तर 'हो' असेल, तर जोडाक्षरांना घाबरू नका.