वॉल्डनच्या विहिरीवर : एका विद्यार्थ्याचे वाचन

इंग्रजी साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन वाङ्मयाचा समावेश बहुधा असतो. इमर्सन, थोरो, मेलव्हिल, व्हिटमन, मार्क ट्वेन यांचे ग्रंथ ‘अभिजात’ म्हणून विद्यार्थ्यापुढे ठेवले जातात आणि ते कसे वाचावेत हेही त्याला आधीच सांगितले जाते. प्रस्तुत लेखक अशाच एका वर्गातील विद्यार्थी आहे. हेन्री डेव्हिड थोरो यांचा ‘वॉल्डन’ (१८५४) वाचताना पडलेला एक प्रश्न वर्गात विचारला, तेव्हा ‘ते प्रतीक आहे, शब्दशः घेऊ नका’ एवढेच उत्तर मिळाले. प्रतीक कळत नाही असे नव्हे. परंतु प्रतीकासाठी पाणवठा निवडला गेला की महाडचा वारसा सांगणाऱ्या वाचकाला ते शब्दशः घेण्यावाचून गत्यंतर नसते.

प्रसंग हिवाळ्यातील तळ्याचे वर्णन करणाऱ्या प्रकरणातला आहे. फ्रेडरिक ट्यूडर यांच्या व्यापारासाठी वॉल्डन तळ्याचा बर्फ कापला जात आहे. मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतील बर्फ त्या काळी जहाजांतून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईपर्यंत येत असे. आपल्या तळ्याचे पाणी दूरच्या हिंदुस्थानातील लोक पितात, या कल्पनेने थोरो हरखून जातात. सकाळी भगवद्गीता वाचून ते पाणी आणायला जातात, तेव्हा कल्पनेत त्यांना गंगेकाठच्या ब्राह्मणाचा सेवक भेटतो. तोही धन्यासाठी पाणी न्यायला आलेला असतो. दोघांच्या बादल्या एकाच विहिरीत एकमेकींना घासतात आणि वॉल्डनचे पाणी गंगेच्या पाण्यात मिसळते.

वर्गात या उताऱ्याचे कौतुक झाले ते पूर्व आणि पश्चिम यांच्या मीलनासाठी. माझा प्रश्न साधा होता. हा सेवक कोण? तो आपल्यापैकी नसणार हे उघड आहे. ज्याच्या स्पर्शाने पाणी विटाळते त्याला ब्राह्मणाच्या घागरीला हात कोण लावू देणार? आणि थोरो स्वतः त्या गंगेकाठी प्रत्यक्ष गेले असते तर? गोमांस खाणाऱ्या मुलखातला हा म्लेंच्छ. त्याच्या बादलीचा स्पर्श होताच त्या सेवकाने आपले पाणी ओतून दिले असते. ज्या विहिरीवर थोरो जगाची एकात्मता पाहतात, तिच्यावर त्यांना स्वतःलाच प्रवेश नव्हता. याची त्यांना जाणीव दिसत नाही.

ही जाणीव का नसावी, याचे उत्तर त्यांच्या वाचनात आहे. कॉन्कॉर्डच्या अतींद्रियवादी मंडळींचे ‘द डायल’ हे नियतकालिक होते. त्याच्या जानेवारी १८४३ च्या अंकात थोरो यांनी मनुस्मृतीतील निवडक वचने प्रसिद्ध केली. सर विल्यम जोन्स यांचे १७९४ चे भाषांतर त्यांच्यापुढे होते. आपल्या १८४९ च्या पहिल्या पुस्तकातही ते या ग्रंथाविषयी भारावून लिहितात. जो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आला, तो कॉन्कॉर्डच्या टेबलावर उन्नत विचारांचे भांडार म्हणून उघडा होता. थोरो यांच्यापर्यंत पुस्तक पोहोचले. पुस्तकाने ज्यांच्यावर राज्य केले ती माणसे पोहोचली नाहीत.

त्याच नियतकालिकाच्या जानेवारी १८४४ च्या अंकात सद्धर्मपुंडरीक सूत्राचा एक भाग इंग्रजीत आला. बौद्ध वाचकांनी याची विशेष नोंद घ्यावी. नेपाळातून हॉजसन यांनी पॅरिसला पाठविलेल्या संस्कृत हस्तलिखितांवरून युजीन बुर्नूफ यांनी फ्रेंच भाषांतर केले होते आणि त्यावरून हे इंग्रजी रूप तयार झाले. ते थोरो यांनी केले असे दीर्घकाळ सांगितले जाई. आता संशोधक त्याचे श्रेय एलिझाबेथ पीबॉडी या विदुषीला देतात. हा भाग औषधी-परिवर्ताचा, म्हणजे मेघाच्या दृष्टान्ताचा आहे. मेघ सर्वांवर सारखाच वर्षतो. गवत, झुडूप आणि वृक्ष आपापल्या शक्तीनुसार पाणी घेतात. या लहानमोठ्या वनस्पतींत कोणी वर्णव्यवस्थेचे समर्थन शोधू पाहील. तो प्रयत्न टिकणारा नाही, कारण तेथील भेद ग्रहणशक्तीचा आहे, जन्माचा नाही. पर्जन्य तर कोणालाच वगळत नाही. एका वर्षाच्या अंतराने एकाच नियतकालिकात मनूही छापला जातो आणि तथागतही. या दोन आवाजांत भांडण आहे, हे त्या मंडळींना फारसे जाणवलेले दिसत नाही. ‘पौर्वात्य ज्ञान’ नावाच्या एकाच पेटीत त्यांनी दोन्ही ठेवून दिले.

बुर्नूफ यांच्या १८४४ च्या भारतीय बौद्ध धर्मावरील ग्रंथात दिव्यावदानातील आनंदाची कथाही आहे. तहानलेला भिक्खू आनंद विहिरीवर एका मातंग कन्येकडे पाणी मागतो. ती आपली जात सांगते. आपण जात विचारली नाही, पाणी मागितले, असे आनंद सांगतो. याही विहिरीवर दोन माणसे भेटतात; पण येथे त्यांच्यामध्ये काय उभे आहे ते झाकलेले नाही. ही विहीर ‘वॉल्डन’मध्ये येत नाही.

एवढे लिहून थोरो यांना बाजूला सारणे मात्र अन्यायाचे होईल. आपल्याकडे गांधीजींच्या सत्याग्रहाचे एक प्रेरणास्थान एवढीच त्यांची ओळख असल्याने आमचे अनेक मित्र त्यांच्या वाटेला जात नाहीत. गुलामगिरी पोसणाऱ्या आणि मेक्सिकोवर युद्ध लादणाऱ्या शासनाला कर देणार नाही म्हणून १८४६ च्या जुलैमध्ये त्यांनी एक रात्र तुरुंगात काढली. पळून आलेल्या गुलामांना त्यांनी कॅनडाच्या वाटेवर मदत केली. १८५९ मध्ये जॉन ब्राऊन यांच्या बाजूने ते जाहीरपणे बोलले. गीतेचेही ते निव्वळ भाट नव्हते. अर्जुनाने युद्ध का करावे याचे समाधानकारक कारण कृष्ण देत नाही, असे त्यांनी स्पष्ट नोंदविले आहे. गीतेत प्रतिक्रांतीचे तात्त्विक समर्थन पाहणाऱ्या बाबासाहेबांच्या विवेचनापर्यंत ते जात नाहीत, पण त्या वाटेवरची पहिली शंका त्यांनी घेतली आहे.

अभ्यासक्रमात फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मकथन (१८४५) नव्हते. ते मी ग्रंथालयातून आणून वाचले. बाल्टिमोरच्या घरात मालकीण सोफिया ऑल्ड लहान डग्लसला मुळाक्षरे शिकवू लागते. मालक तिला थांबवतो, कारण वाचायला शिकलेला गुलाम गुलाम राहत नाही. पुढे हा मुलगा रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना भाकरी देऊन त्यांच्याकडून अक्षरे शिकतो. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना का अर्पण केली, हे ही पाने वाचताना नव्याने कळते. तरीही ‘ही आमचीच कथा’ असे म्हणताना मी अडखळलो. सोफिया त्या मुलाला जवळ घेऊन शिकवते. बालवयातील भीमरावांना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपाई नसला की पाणी मिळत नसे. गुलामगिरीपेक्षा अस्पृश्यता अधिक वाईट, हे बाबासाहेबांचे प्रतिपादन मला प्रथम अतिशयोक्त वाटले होते. डग्लस वाचल्यावर ते तसे वाटत नाही. मात्र डग्लस यांच्या पाठीवरील वळ वाचताना ही तुलना तोंडातून निघत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

डग्लस यांच्याकडून मी पुन्हा ‘वॉल्डन’कडे आलो, तेव्हा पहिल्या वाचनात घाईने उलटलेले एक प्रकरण सापडले. त्या रानात पूर्वी राहून गेलेल्या माणसांची त्यात आठवण आहे. केटो, सूत कातणारी झिल्फा, ब्रिस्टर फ्रीमन ही कृष्णवर्णीय माणसे कॉन्कॉर्डच्या कडेला, आपल्या भाषेत गावकुसाबाहेर, राहत होती. झिल्फाचे घर १८१२ च्या युद्धात इंग्रज सैनिकांनी जाळले. ब्रिस्टरच्या थडग्यावर त्याच्या रंगाचा उल्लेख कोरला आहे आणि त्यावर थोरो उपरोधाने बोलतात. ब्राह्मणाच्या सेवकाला नाव नव्हते. इथे प्रत्येकाला आहे. घरांच्या जागी उरलेले खळगे आणि बुजलेल्या विहिरींच्या खुणा ते बारकाईने पाहतात. मग विचारतात, कॉन्कॉर्ड टिकले आणि ही वस्ती का उठली? पाणी तर इथे मुबलक होते. पण उत्तराच्या जागी ते विनोद करतात : या लोकांनी त्या पाण्याचा उपयोग फक्त दारूत मिसळण्यासाठी केला. ज्यांना गावाने नापीक रानाची कड तेवढी दिली, त्यांच्या उठून जाण्याचे कारण त्यांच्याच पेल्यात शोधले जाते. ग्रंथालयाच्या प्रतीत या ओळीशेजारी माझ्या आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे. मी ते पुसले नाही.