हलक्या आवाजाचे शब्द

इंग्रजी कादंबऱ्यांचीं मराठी भाषांतरें चाळतांना ‘कुजबुजणें’ हें क्रियापद आमच्या वारंवार दृष्टीस पडतें. मरणोन्मुख बाप कुजबुजतो, प्रियकर कुजबुजतो, आणि पाळण्यापाशीं बसलेली आईहि कुजबुजते! मुळांत ‘व्हिस्पर’ दिसला कीं कोशांतील पहिला प्रतिशब्द त्यावर ठेवून द्यावयाचा, असा हा परिपाठ आहे. शब्द कोशाला धरून असतो. प्रसंगाला मात्र चुकतो.

‘व्हिस्पर’ हा शब्द मुख्यतः आवाजाची स्थिति सांगतो. स्वरतंतूंचा कंप थांबतो आणि केवळ श्वासावर अक्षरें उमटतात. बोलणाराच्या मनांत प्रेम आहे कीं कपट, हें तो शब्द स्वतः सांगत नाहीं. आमची ‘कुजबुज’ तशी निर्लेप नाहीं. चौघे एकत्र आले आहेत आणि पांचव्याला कांहीं कळूं नये अशी त्यांची इच्छा आहे, असा वास तिला येतो. लग्नमंडपांत देण्याघेण्यावरून कुजबुज होते. कचेरींत साहेबांच्या बदलीची कुजबुज होते. आजाऱ्याच्या उशाशीं मात्र माणसें हलक्या आवाजांत बोलतात. त्यांना कुजबुजावयास लावणें म्हणजे त्यांच्या मायेवर संशय घेणें होय.

‘मटर’, ‘मंबल’ आणि ‘मर्मर’ या शब्दांचीहि हीच गत. तिघांच्या वांट्यास एकच ‘पुटपुटणें’ येतें. वस्तुतः पहिल्यांत बहुधा नाराजी असते, दुसऱ्यांत उच्चाराची अस्पष्टता, तिसऱ्यांत मंद व सलग ध्वनि. संध्येचे मंत्र पुटपुटणारा गृहस्थ कोणावर रागावलेला नसतो. रागासाठीं आमच्यापाशीं कुरकुर व धुसफूस आहे. पोराच्या हट्टासाठीं भुणभुण आहे. अस्पष्ट बोलण्यास ‘तोंडांतल्या तोंडांत बोलणें’ असें आपण म्हणतोंच. ‘मर्मर’ हा ध्वनि तर संस्कृतांतहि आहे, पण तो पानांच्या सळसळीचा. ‘तो मर्मरला’ असें कोणी लिहिल्यास झाडच बोलूं लागलें, असें वाचकांस वाटावयाचें.

मराठीची दृष्टि आवाजापेक्षां हेतूकडे अधिक आहे. कान एकच, पण कानगोष्ट निराळी, कानमंत्र निराळा आणि कान भरणें तर अगदींच निराळें. संस्कृत नाटककारांनींहि ‘स्वगत’, ‘जनांतिक’ व ‘अपवारित’ असे भेद केले, ते बोलणें कोणी ऐकावें व कोणी ऐकूं नये, यावरूनच.

क्रियापदांचें दारिद्र्य मराठीच्या माथीं मारणाऱ्यांनीं एकदां धुळ्याकडे पाहावें. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं त्याच गांवीं वारले. त्यांचा मराठी धातुकोश तेथील राजवाडे संशोधन मंडळानें १९३७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांच्या सर्वच व्युत्पत्ति मान्य कराव्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मराठी धातूंचा तो संग्रह पाहून दारिद्र्याची भाषा करण्यास कोणाची जीभ उचलणार नाहीं. जळगांवाजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना तर अक्षरओळखहि नव्हती. त्या बोलत गेल्या, दुसऱ्यांनीं टिपून घेतलें, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं गाण्यांचें पुस्तक निघालें. ज्या बोलींत ‘डोळा’ ‘डोया’ होतो आणि ‘हळू’ ‘हयू’ होतो, तिला शब्दासाठीं कोशाच्या दारीं जावें लागलें नाहीं.

न्याय म्हणून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. निव्वळ श्वासानें बोलणें दाखविणारें, गुप्ततेचा डाग नसलेलें एकपदी क्रियापद मराठींत चटकन सांपडत नाहीं. पण तेवढ्यासाठीं भलतेंच क्रियापद कां योजावें? ‘ती हळूच म्हणाली’ या तीन शब्दांत काय उणें आहे? इंग्रजी लेखक दर संवादास नवें क्रियापद जोडतो, म्हणून आपणहि जोडावें, हा आग्रह व्यर्थ आहे. आमचें ‘म्हणाला’ कितीहि वेळां आलें तरी कानाला खुपत नाहीं.

हा वाद केवळ भाषांतरकारांचा नव्हे. घरोघरचीं मुलें हींच पुस्तकें वाचून भाषा शिकतात. खानदेशांतील ज्या घरांत आजी अजून अहिराणी बोलते, तेथील नातवानेंहि लिहावयास बसतांच आईला कुजबुजती करावी, हें आम्हांस फार जिव्हारीं लागतें. भाषांतरकारानें वाक्य लिहिल्यावर तें एकदां घरांतल्या माणसाच्या तोंडीं घालून पाहावें. तें माणूस दचकलें, तर शब्द बदलावा.