अंतर्वाणीचा ग्रंथ आणि कालामांची कसोटी

आमच्या विहारातील रविवारच्या अभ्यासवर्गात एका उपासिकेने मध्यंतरी एक प्रश्न उपस्थित केला. तरुण मुलाच्या निधनानंतर एका इंग्रजी ग्रंथाने त्यांना पुष्कळ धीर दिला होता. तो ग्रंथ अदृश्य वाणीने सांगितलेला आहे, असे मानले जाते. ‘मला त्यात अर्थ सापडला, मग तो मी बाजूला का ठेवावा?’ असे त्यांनी विचारले. वर्गात काहींना हसू आले. ‘अंगात येण्याचाच हा विलायती प्रकार,’ असेही कोणी म्हणाले. आम्हांस मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. म्हणून त्या ग्रंथाचा येथे परामर्श घेत आहोत.

‘अ कोर्स इन मिरॅकल्स’ हा तो ग्रंथ. हेलन शुकमन या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील वैद्यकीय मानसशास्त्राच्या अध्यापिका होत्या आणि स्वतःला निरीश्वरवादी म्हणवीत. आपल्या विभागातील ताणलेले संबंध सुधारण्याचा काही निराळा मार्ग असला पाहिजे, असे त्यांचे सहकारी विल्यम थेटफर्ड यांनी एकदा बोलून दाखविले आणि त्यांनी साथ देण्याचे कबूल केले. त्यानंतर काही महिन्यांनी, १९६५ च्या ऑक्टोबरात, त्यांना आतून एक वाणी ऐकू येऊ लागली. ती त्या लघुलिपीत टिपून घेत आणि थेटफर्ड यांना वाचून दाखवीत. थेटफर्ड ती टंकलिखित करीत. हे काम सुमारे सात वर्षे चालले. १९७६ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुख्य संहिता, ३६५ पाठांची अभ्यासपुस्तिका आणि शिक्षकांसाठी मार्गदर्शिका अशी त्याची तीन अंगे आहेत. त्यातील निवेदक येशूच्या भूमिकेतून बोलतो. शुकमन यांनी ग्रंथावर आपले नाव घातले नाही. १९८१ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

असे ग्रंथ आपल्याला अगदीच अपरिचित नाहीत. १८७९ साली मुंबईत आलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या मॅडम ब्लाव्हाट्स्की यांच्यामार्फत अदृश्य ‘महात्म्यांची’ पत्रे येत असल्याचे सांगितले जाई. त्या पत्रांच्या आधारे ए. पी. सिनेट यांनी १८८३ साली ‘एसोटेरिक बुद्धिझम’ हा ग्रंथ लिहिला आणि तथागतांच्या नावावर एक गुप्तविद्या चढविली. ही पत्रे बनावट असल्याचा निष्कर्ष लंडनच्या एका संशोधन संस्थेच्या अहवालात १८८५ साली काढण्यात आला. त्याच संस्थेच्या नियतकालिकाने १९८६ साली त्या अहवालातील दोष दाखविणारा लेखही छापला. वक्ता कोण होता, हा वाद असा शंभर वर्षे मिटत नाही.

धम्माची रीत या वादात अडकत नाही. महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथे तथागतांनी चार महापदेश सांगितले. त्यांतील पहिलाच असा की, ‘मी हे भगवंतांच्या मुखातून ऐकले’ असे एखादा भिक्खू म्हणाला, तरी ते वचन लगेच स्वीकारू नये आणि लगेच धिक्कारूही नये. ते सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात बुद्धवचन म्हणून आलेल्या मजकुरालाही कसोटी लावली आहे. ते बुद्धिसंगत आहे काय आणि मनुष्याच्या कल्याणाशी त्याचा संबंध आहे काय, हे त्यांनी पाहिले. प्रत्यक्ष तथागतांच्या नावावरील वचनाला जेथे सूट नाही, तेथे न्यूयॉर्कच्या वाणीला ती कशी मिळावी?

या ग्रंथाचे समर्थक येथे एक मुद्दा मांडतील आणि तो वजनदार आहे. अभ्यासपुस्तिकेच्या आरंभीच सांगितले आहे की, यातील विचारांवर विश्वास ठेवलाच पाहिजे असे नाही. ते आचरून पाहावेत. हे ‘एहिपस्सिको’च्या जवळ जाणारे नाही काय? काही अंशी आहे. पण केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी केवळ ‘तुम्हांला बरे वाटते का पाहा’ असे सांगितले नाही. लोभ, द्वेष आणि मोह यांनी ग्रासलेला मनुष्य हिंसा करतो, चोरी करतो आणि दुसऱ्यालाही तसे करण्यास लावतो, हे त्यांनी कालामांकडूनच वदवून घेतले. सुज्ञ जन कशाची प्रशंसा करतात, तेही पाहावयास सांगितले. या कसोटीत शेजारचा मनुष्य उपस्थित आहे. ‘मला अर्थ सापडला’ हा तिचा आरंभ होऊ शकतो, निकाल नव्हे.

ही कसोटी ग्रंथाच्या गाभ्याला लावून पाहू. त्याची मुख्य शिकवण क्षमेची आहे; पण ती क्षमा विशिष्ट अर्थाची आहे. दिसणारे जग भ्रामक आहे आणि बंधूने आपला अपराध केला असे आपण समजतो, तो वस्तुतः घडलेलाच नाही, हे ओळखणे म्हणजे क्षमा. दोन सहकाऱ्यांमधील रुसवा या औषधाने कदाचित बरा होईल. परंतु २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत जे घडले, त्याविषयी हे वाक्य कोणत्या तोंडाने उच्चारावे? महाडच्या तळ्यावरील बंदी हा मनाचा भास नव्हता. २० मार्च १९२७ रोजी माणसे चालत गेली आणि पाणी प्याली, तेव्हा तिला धक्का बसला. धम्मातही अवैर आहे. पण ते अपराध नाकारत नाही. अपराध पाहूनही द्वेष धरत नाही. दुःख आहे, हे पहिले आर्यसत्य होय. जगाची पुनर्रचना हे बाबासाहेबांनी धम्माचे प्रयोजन मानले. जे जग नाहीच, त्याची पुनर्रचना कोण करणार?

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे वळू. त्यांना मिळालेली शांती खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. रोज थोडा वेळ स्वस्थ बसणे, मनातील कडवटपणा न्याहाळणे, तो सोडून देणे, हे त्यांनी स्वतः केले आहे. त्याचे श्रेय कोणा अदृश्य वाणीला देण्याचे कारण नाही. मृत्यू हा भास आहे, एवढे मात्र त्यांनी स्वीकारू नये. किसा गोतमीला तथागतांनी तसे सांगितले नव्हते. ज्या घरात कोणी मेलेले नाही, त्या घरातून मोहरी आणण्यास सांगितले होते. ती घरोघर फिरली. प्रत्येक उंबरठ्यावर तिला दुसऱ्याचे दुःख भेटले आणि त्यातून तिला वस्तुस्थिती कळली.

येथे आम्हांस स्वतःलाही एक प्रश्न विचारावा लागतो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर त्या मातेच्या घरी आपल्यापैकी किती जण पुन्हा गेले? गोतमीसाठी दारे उघडणारी घरे होती. विहारातील माणसे गेली नाहीत, म्हणून त्यांच्या हाती ग्रंथ आला. ग्रंथाची चिकित्सा आम्ही केली. परंतु ती पुरी व्हावयाची असेल, तर येत्या रविवारी वर्ग संपल्यावर त्यांच्या घरी जाऊन बसावे लागेल.