दोघांचे गद्य

जी. ए. कुलकर्णी यांच्या निवडक पत्रांचा पहिला खंड आणि सुनीता देशपांडे यांचे ‘प्रिय जी. ए.’ ही दोन पुस्तके टेबलावर शेजारी शेजारी उघडी ठेवून वाचावीत. पहिल्यात जी. एं.नी सुनीताबाईंना लिहिलेली पत्रे आहेत, दुसऱ्यात सुनीताबाईंनी जी. एं.ना लिहिलेली. दोन्ही मौज प्रकाशनाने काढली, पण निघाली वेगवेगळी आणि बऱ्याच वर्षांच्या अंतराने. ‘प्रिय जी. ए.’ २००३ साली आले, तोवर जी. एं.ना जाऊन पंधरा वर्षे उलटून गेली होती. पहिला खंड एकटा वाचला तर धारवाडच्या एका एकांतप्रिय माणसाचे लांबलचक स्वगत ऐकतो आहोत असे वाटते. पुस्तके, चित्रे, सिनेमे, बेळगावातले बालपण असे तो मनात येईल ते सांगत असतो. मग ‘प्रिय जी. ए.’ उघडावे. आता कळते की त्यातला मोठा भाग स्वगत नव्हताच, ते कुणाला तरी दिलेले उत्तर होते. पलीकडच्या बाईने काही विचारले होते, एखादे मत खोडून काढले होते, कवितेचा विषय काढला होता. जी. एं.चे शब्द तेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो.

पत्र ही दोघांची कला आहे. आपण मात्र तिला एकाची कला समजून छापत आणि वाचत आलो. मराठी पत्रवाङ्मयाकडे बघताना मला ही अडचण सगळ्यात मोठी वाटते.

याला इतिहास आहे. जुनी पत्रे छापायची सवय आपल्याला लागली ती इतिहाससंशोधकांमुळे. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि वाड्यांच्या माळ्यांवर, देवळांच्या कोनाड्यांत कुजत पडलेले कागद वाचले. त्या कामाचे मोल मोठेच आहे. पण त्यामुळे पत्राकडे ‘साधन’ म्हणून बघायची दृष्टी पक्की झाली. फौज कुठे होती, खजिन्यात किती होते, कोण कुणावर रुसले, एवढे मिळाले की पत्राचे काम संपले. लिहिणारा कसा लिहितो, कुणासमोर कसा बदलतो, हा प्रश्न मागेच पडला. पुढे साहित्यिकांची पत्रे छापली गेली तीही चरित्राची पुरवणी म्हणून. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये लिहिलेली ‘शतपत्रे’ नावाने पत्रेच आहेत, पण ती साऱ्या समाजाला उद्देशून आहेत. त्यांची थोरवी निबंधाची आहे, त्यांना उत्तराची वाट पाहायची नव्हती.

उत्तराची वाट पाहणाऱ्या पत्रातून काय उभे राहते, हे पाहायचे तर आनंदीबाई जोशींकडे जावे. पत्नीच्या वैद्यकीय शिक्षणासाठी गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले आणि ते तिकडच्या मिशनरी नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या नजरेस ते पडले तेव्हा त्या दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या होत्या. त्यांनी होऊन आनंदीबाईंना पत्र टाकले. पुढची जवळजवळ तीन वर्षे बोटीने जाणाऱ्या-येणाऱ्या टपालावर हा स्नेह वाढला. एक होती पंधरा वर्षांची मराठी मुलगी, दुसरी मुलाबाळांची अमेरिकन गृहिणी. दोघींनी एकमेकींचा चेहरा पाहिलेला नाही, आवाज ऐकलेला नाही. दोघी एकमेकींना घरातल्या चालीरीती, सणवार, दुखणी-खुपणी, देवधर्म कळवत राहिल्या. जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा त्यांना न्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या, आणि कॉलेज सुरू होईपर्यंत आनंदीबाई त्यांच्याच घरी राहिल्या. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी इथे कार्पेंटरांच्या कौटुंबिक दफनभूमीत ती ठेवली आहे.

पहिली मराठी स्त्री डॉक्टर म्हणून आनंदीबाई सर्वांना ठाऊक आहेत. काशीबाई कानिटकरांच्या चरित्रापासून त्यांची पत्रे उद्धृतही होत आली आहेत. तरी उत्तम पत्रलेखिका म्हणून त्यांचे नाव कुणी घेत नाही. मला हा अन्याय वाटतो. ओळखदेख नसलेल्या, वेगळ्या धर्माच्या बाईशी आपला आब राखून मोकळेपणाने बोलायचे, तिचे ऐकायचे आणि पटले नाही तर तसे सांगायचे, ही कला त्या वयात त्यांना साधली होती. आणि ती साधली ती परक्या भाषेत.

सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेल्या तीन पत्रांचेही तेच झाले. १८५६, १८६८ आणि १८७७ मधली ही पत्रे आज भाषणांतून आणि पाठ्यपुस्तकांतून भेटतात ती पुरावा म्हणून. १८६८ च्या नायगावच्या पत्रात गणेश नावाचा पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण आणि शारजा नावाची महार मुलगी यांची हकीकत आहे. शारजा गरोदर राहिली आणि गाव दोघांच्या जिवावर उठले. सावित्रीबाईंनी इंग्रजी कायद्याचा धाक दाखवून दोघांना वाचवले. प्रसंग मोठा आहेच. पण तो कुणाला सांगितला आहे, हे विसरू नये. मायन्यात नवऱ्याला ‘सत्यरूप’ म्हणणारी ही बाई त्याला कामाचा अहवाल देते आहे आणि त्याच वेळी आपण ते एकटीने निभावले, हेही त्याच्या कानावर घालते आहे. दोन सहकाऱ्यांच्या बोलण्यात असते तशी बरोबरी तिथे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी नवरा-बायकोच्या पत्रांत ती मला दुसरीकडे सापडलेली नाही. जोतीरावांची उत्तरे हाती असती तर या पत्रांचा सूर आणखी स्पष्ट ऐकू आला असता.

दोन्ही बाजू एकत्र छापल्या गेल्या असे ठळक मराठी पुस्तक म्हणजे ‘कुसुमानिल’. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांची लग्नाआधीची ही पत्रे. १९६१ मध्ये कुसुमावती गेल्या आणि पुढे १९७२ साली अनिलांनी ती प्रसिद्ध केली. प्रेमपत्रे म्हणून त्यांचे कौतुक झाले, कुजबुजही झाली. मला त्यातले प्रेमापेक्षा शिक्षण महत्त्वाचे वाटते. दोन तरुण माणसे एकमेकांना लिहिता लिहिता लेखक होत आहेत आणि दोघांच्या मराठीत फरक पडत जातो आहे, हे तारखेनिशी दिसते. पुढे ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसलेली पहिली स्त्री, तेव्हा नुकती कुठे एका मुलाला आपले वाचन सांगत होती.

सुनीताबाईंच्या बाबतीतही असेच दिसते. ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आले तेव्हा एवढी तयारीची लेखणी अचानक कुठून आली, असे अनेकांना वाटले. ती अचानक आली नव्हती. धारवाडला जाणाऱ्या पत्रांत ती वर्षानुवर्षे घडत होती. स्वतःला न सोडणारी परीक्षा, घरातल्या कामाकडून थेट मृत्यूच्या विचाराकडे वळणारे वाक्य, पाठ असलेल्या कवितांचा आधार हे सगळे पत्रांत आधीच आहे. या पत्रव्यवहारात जी. एं.पेक्षा सुनीताबाई सरस आहेत, असे माझे मत आहे. जी. एं.ची व्याप्ती मोठी आहे, गंमत मोठी आहे, पण वाचलेल्या पुस्तकांच्या ढिगाआड ते पुष्कळदा स्वतः लपतात. सुनीताबाई लपत नाहीत. तरीही त्यांना असे लिहिता आले ते पलीकडे जी. ए. होते म्हणूनच. माणसांपासून चार हात दूर राहणाऱ्या त्या माणसाने पत्रांत मात्र कुणाला कमी पडू दिले नाही. त्यांच्या निवडक पत्रांचेच चार खंड झाले आहेत.

‘निवडक’ या शब्दापाशी थांबायला हवे. संपादक काय गाळतात? बहुधा प्रकृतीच्या तक्रारी, पैशांचे व्यवहार, जिवंत माणसांवरचे शेरे आणि ‘किरकोळ’ मजकूर. जिवंत माणसांचे समजू शकते. पण किरकोळ मजकुरातच पत्राचा जीव असतो. पाऊस लांबला, दाढ दुखते आहे, अमुक पुस्तक अजून आले नाही, या वाक्यांमुळे मोठ्या वाक्यांखाली जमीन येते. ती गाळली की उरतो तो सुविचारांचा संग्रह. साने गुरुजींची पुतणीला, सुधाला, लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ आजही टवटवीत वाटतात, कारण त्यांत पाखरे, झाडे, गावची माणसे आणि देशाचे राजकारण एका दमात येते. थोर विषयाला वेगळी पंगत मांडलेली नाही.

हे झाले नामवंतांचे. पण महाराष्ट्रात ही कला जगवली ती नाव नसलेल्या माणसांनी. पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ मध्ये आले, पाव आण्याला. उघड्या कार्डावर लिहायचे म्हणजे पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही वाचणार. त्यातून सूचक लिहिण्याची एक रीतच तयार झाली. ‘मागे बोललो ती गोष्ट अजून तशीच आहे’, एवढ्यात मुलीचे लग्न, भावकीतला दावा किंवा कर्ज, काय असेल ते ज्याचे त्याला कळे. कार्डाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लागलेले दिसले की घर हसे. कोपरा फाडलेला असला की वाचण्याआधीच रडणे सुरू होई.

मग १९५० मध्ये निळे आंतर्देशीय पत्र आले आणि लिहिण्याचा डौल बदलला. ते भरायची पद्धत आठवून बघा. वरच्या भागात ऐसपैस अक्षर, ‘सा. न. वि. वि.’, सगळे खुशाल, पाऊसपाणी. घडी उलटली की ओळी जवळ येतात. शेवटच्या चिंचोळ्या पट्टीवर अक्षर मुंगीएवढे होते, मग कागद आडवा करून समासात मजकूर चढतो. आणि जे सांगण्यासाठी एवढा खटाटोप केला ते येते अगदी शेवटी, ‘ता. क.’ म्हणून, डिंकाच्या कडेला. उघडणाऱ्याने घाई केली तर नेमका तोच शब्द फाटून जायचा. जागा मोजकी असल्याने काय आधी आणि काय नंतर हे ठरवावे लागे, आणि मन ते ठरवायला धजत नसे म्हणून मुख्य गोष्ट मागे मागे सरके. एखाद्या आईच्या पाचपन्नास आंतर्देशीय पत्रांतून तिच्या स्वभावाची जेवढी ओळख होते तेवढी फोटोंच्या अल्बममधून होत नाही.

लिहिता न येणाऱ्यांनाही ही कला परकी नव्हती. मुंबईत जीपीओसमोर पत्रे लिहून देणारे ओळीने बसत. गिरणीतला माणूस गावी मनीऑर्डर पाठवायचा तेव्हा फॉर्मच्या तुकड्यावर मजकुराला जेमतेम दोनचार ओळींची जागा असे. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, गावात वाचून दाखवणारा तिसरा आणि ऐकणारी चौथी. इतक्या हातांतून जाऊनही माया पोचायची. या पत्रांतले फारसे काही उरलेले नाही. ती कुणी जपावीत असे कुणाला वाटलेच नाही.

आज काय स्थिती आहे? पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळते, घेणारे थोडे. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. दिलीप प्रभावळकरांच्या ‘पत्रापत्री’मधली दोन मित्रांची काल्पनिक पत्रे रंगमंचावर येतात तेव्हा लोक मनापासून ऐकतात. दोन माणसांनी निवांत एकमेकांना लिहावे ही भूक गेलेली नाही, याची मला त्यात खूण दिसते. कागद गेल्याचे दुःख मी करत नाही. मला बोचतो तो ‘एकाला’ लिहिण्याच्या सवयीचा ऱ्हास. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर दीडशे माणसांना एकदम लिहिलेल्या मजकुराला पत्राचा सूर लागत नाही, कारण तिथे माणूस प्रत्येकाला चालेल असेच लिहितो. पत्रात ते एकाच माणसाला कळले तरी भागते.

म्हणून मला सध्या जास्त आशा वाटते ती लांब ई-मेलबद्दल, आणि अनेकांना पटणार नाही, पण ध्वनिसंदेशाबद्दल. परदेशी राहणारी मुलगी कामावरून घरी परतताना आईला आठदहा मिनिटांचा निरोप बोलून पाठवते. मध्ये कुणी तोडत नाही. ती चालता चालता मुद्दा सोडते, परत पकडते, आणि ‘हं, अजून एक’ म्हणून खरे काय ते शेवटी सांगते. आई दुपारी कामे आटोपून तो ऐकते आणि तेवढ्याच लांबीचे उत्तर बोलते. ऐकणारे माणूस एकच, उत्तराला उसंत, आणि पाल्हाळाला मुभा. पत्राला जे लागते ते सगळे यात आहे, आणि लिहिता न येणाऱ्या आजीलाही ते जमते. नाही ते फक्त टिकणे. फोन बदलला की सगळे जाते. आंतर्देशीय पत्रे निदान तारेला टोचून ठेवलेली तरी असत. घरोघरी कुणी तरी हे निरोप तारीखवार उतरवून ठेवायला हवेत, दोन्ही बाजूंचे, दाढदुखीसकट.