मते ‘वळतात’ म्हणजे काय?

निवडणूक संपली की सल्लागार कंपन्यांचे अहवाल निघतात. ते गिऱ्हाइकांसाठी असतात. पण त्यांची भाषा वर्तमानपत्रांत उतरते आणि पुढे आपल्याही तोंडी बसते. माझी तक्रार या भाषेविषयी आहे.

२०१९ साली औरंगाबाद लोकसभा मतदारसंघातून इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले, चंद्रकांत खैरे पडले. एमआयएमची वंचित बहुजन आघाडीशी युती होती. या निकालाचा उलगडा एका वाक्यात झाला : ‘दलित मते वळली’. वळतात ती गुरे! नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत झुंजलेल्या या शहरात बौद्ध माणसाने विचार करून मत दिले असेल, ही शक्यताच त्या वाक्यात नाही. हर्षवर्धन जाधवांना पावणेतीन लाखांहून अधिक मते पडली, तर म्हणे त्यांनी ती ‘खाल्ली’.

केंद्रनिहाय आकडे खरे असतात, ते मी नाकारत नाही. पण मतपेटीवर काय किंवा यंत्रावर काय, मतदाराची जात उमटत नाही. ती विश्लेषक वस्तीच्या नावावरून घालतो. भीमनगरच्या केंद्रावरची ती ‘दलित मते’. समर्थनगरची मात्र नुसती मते, फार तर ‘सुशिक्षित मध्यमवर्ग’.