बंद दारामागचा गुन्हा आणि रहस्याची अपेक्षा : ‘क्रिमिनल जस्टिस’च्या दुसऱ्या पर्वाचे समीक्षकीय स्वागत

एखादी मालिका दुसऱ्या पर्वासह परतते तेव्हा समीक्षकाच्या हाती पहिल्या पर्वाचे माप आधीच तयार असते. नव्या कथानकाला स्वतःचे माप मागण्याचा अधिकार असतो, परंतु तो क्वचितच मान्य केला जातो. ‘क्रिमिनल जस्टिस’ या हिंदी न्यायालयीन थरारमालिकेचे दुसरे पर्व ‘बिहाइंड क्लोज्ड डोअर्स’ या उपशीर्षकासह २४ डिसेंबर २०२० रोजी डिस्ने प्लस हॉटस्टार या तत्कालीन माध्यमावर प्रसारित झाले. त्याच्या वाट्याला हेच आले. प्रस्तुत लेखात या पर्वाच्या स्वागताचा विचार करावयाचा आहे. समीक्षकांनी मालिकेची स्तुती केली की निंदा, हा येथे मुख्य प्रश्न नाही. स्तुती आणि निंदा करताना कोणता प्रश्न टाळला गेला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे वाटते.

मालिकेची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. पीटर मोफॅट या लेखकाची ‘क्रिमिनल जस्टिस’ ही इंग्रजी मालिका बीबीसीवर २००८ मध्ये आणि तिचे दुसरे कथानक २००९ मध्ये प्रसारित झाले. पहिल्या कथानकावरून अमेरिकेत ‘द नाइट ऑफ’ (२०१६) आणि भारतात २०१९ चे पहिले पर्व तयार झाले. एका अनोळखी तरुणीच्या खुनाच्या आरोपात सापडलेला आदित्य शर्मा (विक्रांत मासी) हा त्याचा नायक होता. खून कोणी केला, हा प्रश्न त्यात अखेरपर्यंत जिवंत राहतो. दुसऱ्या पर्वात हा आधारच काढून घेतलेला आहे. मुंबईतील नामांकित वकील बिक्रम चंद्रा (जिशू सेनगुप्ता) याला त्याची पत्नी अनुराधा (कीर्ती कुल्हारी) भोसकते. तिने ते केले हे आपणांस ठाऊक असते, पोलिसांना ठाऊक असते आणि ती स्वतःही ते नाकारत नाही. माधव मिश्रा (पंकज त्रिपाठी) आणि निखत हुसेन (अनुप्रिया गोएंका) यांच्याकडे येतो तो असा खटला, ज्यात लढण्यासारखे काही उरलेलेच नाही असे सर्वांना वाटते.

स्वागताचा एकूण सूर दोन स्वरांचा होता. अभिनयाबद्दल, विशेषतः त्रिपाठी आणि कुल्हारी यांच्याबद्दल, बहुतेकांनी भरभरून लिहिले. विषय ‘धाडसी’ आहे, हेही नोंदविले गेले. त्याच वेळी मालिका संथ आहे, ताणलेली आहे, पुढे काय होणार याचा अंदाज येतो, अशी तक्रारही वारंवार आली. ही तक्रार सर्वस्वी निराधार नाही. बीबीसीचे मूळ कथानक पाच भागांचे होते, येथे आठ भाग आहेत. महिला कारागृहातील दादागिरीचे उपकथानक पहिल्या पर्वातील पुरुष-कारागृहाच्या प्रसंगांची आठवण करून देते, आणि ती आठवण त्याच्या फायद्याची ठरत नाही. तेथे कात्री चालली असती तर बरे झाले असते.

परंतु संथपणाच्या आरोपात दुसरी एक गोष्ट मिसळली गेली, ती म्हणजे नायिकेचे मौन. अनुराधा बोलत नाही. वकिलाला सांगत नाही, मुलीला सांगत नाही. ती बोलली असती तर मालिका तिसऱ्या भागात संपली असती, म्हणून लेखकाने तिला गप्प ठेवले आहे, असे सुचविणारा हा आक्षेप आहे. रहस्यकथेच्या मापाने तो बरोबर आहे. पण हे मौन आपल्या कायद्याच्या संदर्भात ठेवून पाहिले की ते कथनाची युक्ती राहत नाही.

बिक्रमने अनुराधावर वर्षानुवर्षे जे लादले त्याला मराठीत, हिंदीत आणि सामान्य माणसाच्या नीतिबुद्धीत नाव आहे. भारतीय दंडविधानाच्या कलम ३७५ च्या दुसऱ्या अपवादाने मात्र पतीने पत्नीशी केलेला संभोग बलात्काराच्या व्याख्येतून वगळला होता. २०१७ मध्ये ‘इंडिपेंडंट थॉट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील वयाची मर्यादा पंधरावरून अठरावर नेली. सज्ञान पत्नीसाठी अपवाद तसाच राहिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही तो आहे. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या प्रश्नावर परस्परविरोधी निकाल दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपवाद रद्द करण्यास विरोध नोंदविला. स्त्रीला काहीच आधार नाही असे अर्थातच नाही. कलम ४९८-अ होते, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत लैंगिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु हा दुसरा कायदा प्रामुख्याने संरक्षण, निवास आणि भरपाईचे आदेश देतो. घडलेल्या कृत्याला तो बलात्कार म्हणत नाही.

मूळ इंग्रजी मालिका आणि तिचे मुंबईतील रूपांतर यांतील खरा भेद येथे आहे, आणि स्वागतात त्याची दखल फारशी घेतली गेली नाही. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९१ मध्येच पतीला असलेले हे अभय मोडीत काढले. त्यामुळे २००९ ची ज्युलिएट मिलर (मॅक्सिन पीक) गप्प बसते तेव्हा तिचे मौन लज्जेचे, भीतीचे आणि खचलेल्या मनाचे असते. ती बोलली तर तिच्या शब्दांना धरायला कायद्यात जागा आहे. मुंबईच्या अनुराधाचे मौन दुहेरी आहे. ती लज्जेने गप्प आहे, आणि ती बोलली तरी तिच्या तोंडचा तो शब्द आरोपपत्रात येऊ शकत नाही. रूपांतरात घटनाक्रम बराचसा मुळाचाच ठेवलेला आहे, त्यामुळे संवादांत न सांगताही हा दुसरा अर्थ प्रसंगाच्या तळाशी येऊन बसतो. लेखक अपूर्व असरानी यांनी त्याला आणखी पुढे आणावयास हवे होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मालिका अनुराधाच्या वेदनेपाशी जितकी थांबते तितकी कायद्यातील या पोकळीपाशी थांबत नाही. ‘धाडसी विषय’ असे प्रशस्तिपत्र देऊन पुढे सरकणाऱ्या समीक्षेला हा दोष दिसणे शक्यच नव्हते, कारण धाडस कशाच्या विरोधात आहे हे तिने विचारलेच नाही.

मुंबई आणि हा प्रश्न यांचे नाते जुने आहे. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला मुंबई उच्च न्यायालयात १८८४ पासून चालला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने कौल दिला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जा, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. बंद दाराआड परतण्यापेक्षा तुरुंग बरा, ही निवड मुंबईच्या न्यायालयात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका स्त्रीने उघडपणे केली होती. अनुराधा तुरुंगात जितकी निश्चल दिसते तितकी ती घरात नव्हती, हे कुल्हारी यांनी केवळ खांदे आणि नजर यांतून दाखविले आहे. त्या अभिनयाची स्तुती झाली, पण त्यातून काय व्यक्त होते हे सांगणारे लेखन विरळच.

दुसरा मुंबईकर संदर्भ नानावटी खटल्याचा. एप्रिल १९५९ मध्ये नौदल अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरविले. पुढे उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. ‘गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ’ या बचावाची चर्चा आपल्याकडे आजही त्याच निकालापासून सुरू होते. प्रक्षोभ आणि कृत्य यांत राग शमण्याइतका अवधी गेला असेल, तर बचाव टिकत नाही. हे माप क्षणात भडकणाऱ्या क्रोधाचे आहे. वर्षानुवर्षे साचत गेलेल्या दहशतीला ते लावले की स्त्री हमखास अपात्र ठरते. १९८९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सुयंबुक्कनी खटल्यात दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रक्षोभाचा विचार केला. इंग्लंडमध्ये किरणजित अहलुवालिया यांच्या १९९२ च्या अपिलाने हीच चर्चा ऐरणीवर आणली. अनुराधाच्या खटल्यातील खरा ताण या मापाचा आहे. ‘पुढे काय होणार ते कळते’ असे म्हणणाऱ्यांना तो ताण जाणवला नसावा, किंवा जाणवूनही त्याला थरार म्हणावे असे वाटले नसावे.

माधव मिश्राविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. बीबीसीच्या दुसऱ्या कथानकात पहिल्यातील वकील नाही. तेथे जॅकी वूल्फ (सोफी ओकोनेडो) ही स्त्री-वकील ज्युलिएटच्या बाजूने उभी राहते. भारतीय निर्मात्यांनी मात्र लोकप्रिय झालेल्या मिश्राजींना परत आणले. व्यावसायिक दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. पण परिणाम असा होतो की स्त्रीच्या मौनाचा दुभाष्या पुन्हा पुरुषच ठरतो. ‘पिंक’मध्ये (२०१६) हेच घडले होते, आणि त्यातही कीर्ती कुल्हारी होत्या. निखत हुसेनच्या वाट्याला तुलनेने कमी येते, ही या पर्वाची उणीव आहे. पोलीस अधिकारी गौरी प्रधान (कल्याणी मुळे) ही व्यक्तिरेखा ती काही अंशी भरून काढते. तपास करता करता स्वतःच्या संसाराकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलेली ही स्त्री मुळे यांनी अत्यंत संयत साकारली आहे.

मिश्राजींच्या लग्नाचे उपकथानक बहुतेकांनी विनोदी विसावा म्हणून वाचले. नववधूला पाटण्यात सोडून हा गृहस्थ खटल्यासाठी मुंबई गाठतो आणि रत्ना (खुशबू अत्रे) त्याच्या मागोमाग येते. हा भाग हसवतो, यात शंका नाही. परंतु एका विवाहाची चिरफाड न्यायालयात चालू असताना दुसरा विवाह अजून सुरूच झालेला नाही, ही रचना निव्वळ विसाव्याची नाही. पत्नी म्हणजे कोण, हे रत्नाच्या बाबतीत ठरवायला मिश्राजींना वेळ मिळतो. बिक्रमने तो प्रश्नच कधी पडू दिला नव्हता.

मराठी वाचकाला येथे तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवल्याखेरीज राहणार नाही. १९६७ मध्ये रंगमंचावर आलेल्या त्या नाटकातील बेणारेही गर्भवती आहे, अनुराधाही. बेणारेचे दीर्घ मनोगत प्रेक्षक ऐकतात, त्या लुटुपुटीच्या न्यायालयाच्या कानी मात्र ते पडतच नाही. अनुराधाचे कथन अखेरीस न्यायालयापुढे येते आणि ऐकले जाते. तेंडुलकरांना न्यायालयाबद्दल नसलेला विश्वास या मालिकेला आहे. हा विश्वास थरारप्रकाराच्या गरजेतून येतो, अनुभवातून नव्हे, असा आक्षेप कोणी घेतला असता तर तो संथपणाच्या आक्षेपापेक्षा कितीतरी वजनदार ठरला असता.

बीबीसीची दोनच कथानके होती, त्यामुळे दुसऱ्या पर्वानंतर भारतीय मालिका मुळापासून मोकळी झाली. २०२२ चे ‘अधूरा सच’ आणि २०२५ चे ‘अ फॅमिली मॅटर’ ही दोन्ही पर्वे नव्याने रचलेली आहेत, आणि दोन्ही पुन्हा ‘खून कोणी केला’ या प्रश्नाभोवती फिरतात. समीक्षकांनी २०२० मध्ये जे मागितले होते ते त्यांना मिळाले. मिश्राजी आहेत, रत्नाही आहे, रहस्य अखेरपर्यंत टिकते.