राखाडी सैन्याचे रंग

छिन शी ह्वांगच्या मृण्मय सैन्याविषयी लिहिताना रसिक मंडळी त्या राखाडी मातीच्या संयमावर फार लुब्ध होतात. मला ही स्तुती अस्थानी वाटते. तो संयम मूर्तिकारांचा नव्हेच. ती केवळ रंगांची झीज आहे.

इ. स. पू. २१० मध्ये हा सम्राट वारला. त्याचे सैन्य १९७४ साली, शिआनजवळ लिन्तोंग येथे विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या हाती लागले. पुतळा भाजून झाला की त्यावर एका झाडाच्या चिकाचे रोगण चढवीत (आपली लाख किड्यांची, ही वस्तू वेगळी) आणि त्या रोगणावर रंग देत: हिंगुळाचा तांबडा, अझुराइटचा निळा, मालाकाइटचा हिरवा, हाडे जाळून केलेला पांढरा. शिवाय एक जांभळा. तो तर बेरियम, तांबे आणि वाळू यांपासून भट्टीत मुद्दाम घडविलेला. एवढा खटाटोप करणाऱ्यांना आपण रंगाविषयी उदासीन ठरवावे, ही गंमतच म्हणायची!

घात केला तो रोगणाने. दोन हजार वर्षे ओल्या मातीत भिजलेला तो थर हवा लागताच सुकतो, आकसतो, त्याच्या खपल्या वळतात आणि रंग त्यांच्याबरोबर गळून पडतो. हे सारे काही मिनिटांत. म्हणजे जे सापडले ते सापडता सापडताच हरवत होते. पुढे बव्हेरियातील संवर्धक आणि तेथील संग्रहालय यांनी मिळून त्या थरातील पाण्याच्या जागी पॉलिएथिलीन ग्लायकोल मुरविण्याची रीत बसविली, तेव्हा कोठे रंग जागच्या जागी टिकू लागले.

या पुराव्यावरून रंगविलेल्या प्रतिकृती मी छायाचित्रांतूनच पाहिल्या आहेत. 'भडक' हा त्यांच्यावरचा आक्षेप मला मुळीच महत्त्वाचा वाटत नाही. शेंदराची पुटे चढलेल्या देवांपुढे हात जोडणाऱ्यांनी तरी तो घेऊ नये. माझी तक्रार निराळी आहे. मूळ पुतळ्यावर रंग सर्वत्र सारखा उरत नाही. कोठे सलग पट्टा, कोठे नखाएवढी खपली, कोठे काहीच नाही. प्रतिकृती मात्र टाचेपासून शेंडीपर्यंत एकाच आत्मविश्वासाने रंगलेली. पोथीचा संपादकसुद्धा गळलेले अक्षर कंसात घालतो. येथे कंसच नाहीत. जेथे तर्क आहे तेथे रंग फिका ठेवावा, नाही तर माती उघडी सोडावी, एवढीच माझी मागणी.

कारण तर्क नेहमीच्या वाटेने जातो, आणि कारागीर जातोच असे नाही. १९९९ साली दुसऱ्या खड्ड्यातून गुडघा टेकून बसलेला एक धनुर्धर निघाला. इतर चेहऱ्यांवर गुलाबी, गव्हाळ छटा. याचा चेहरा हिरवा! त्याच्या गालावरचा रंग झडून गेला असता, तर आपण त्याला बिनदिक्कत गुलाबी केले असते.